लहान मुलाचं कोपर मोडलंय आणि ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर तुम्ही आहात

एमबीबीएस संपवून बंधपत्राच्या सेवेसाठी ग्रामीण रुग्णालयात रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. बीड जिल्ह्यात मी आधी तुमच्याच खुर्चीत बसलो. पुढे हाडांचा डॉक्टर झालो आणि तीच मुलं रेफर होऊन माझ्यासमोर येऊ लागली. दोन्ही टोकं पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली. मुलाचा हात आयुष्यभर चांगला राहणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत ठरतं, आणि ते तास तुमच्याकडे असतात. ऑपरेशन नंतर होतं, ते दुसरं कुणी करतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचेवरून, जांभळीवरून पडलेली, शाळेच्या ओट्यावरून ढकलली गेलेली, बैलगाडीतून निसटलेली मुलं येतात. वय साधारण पाच ते सात. तळहात टेकून पडायचं, कोपर मागे ताठ व्हायचं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडायचं, हा ठरलेला प्रकार. तिथे हाडाला पुढून एक खळगा असतो, मागून एक खळगा, आणि मधली भिंत फार पातळ. हेच सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर. मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त दिसतं ते हे, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यावर आहे.

हाताशी काय तयार हवं

ड्युटी घेतल्याच्या पहिल्याच दिवशी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन हे बघून ठेवा. मूल रडत असताना शोधाशोध नको.

- सॉफ्टरोल (प्लास्टरखाली गुंडाळायची कापसाची मऊ पट्टी), तीन आणि चार इंची प्लास्टर बँडेज, साधी कापडी बँडेज
- बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री
- गळ्यात अडकवायची स्लिंग. नसेल तर आईची ओढणी किंवा बापाचा गमछा
- पल्स ऑक्सिमीटर
- वजनकाटा
- पॅरासिटामॉलचं सिरप
- मार्कर पेन
- रात्री जिथे भूलतज्ज्ञ आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) खरोखर चालू असतो, अशा जवळच्या रुग्णालयाचा नंबर. हा भिंतीवर लिहून ठेवा.

१. कोपराकडे नंतर बघा, आधी बोटं बघा

सुजलेलं, वाकडं कोपर सगळ्यांची नजर खेचून घेतं. आईबापाची, सिस्टरची, तुमचीही. पण पहिली नजर बोटांवर हवी. गुलाबी आहेत की पांढरी? गरम की थंड? नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत येतो का? मनगटावर नाडी लागते का? दुसऱ्या हाताशी ताडून बघा. ऑक्सिमीटर दुखऱ्या हाताच्या बोटाला लावा आणि आकड्यापेक्षा पडद्यावरची नाडीची लाट बघा. लाट चांगली आली तर बरं, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

मग नसा. लहान मुलाला बोट हलव, हे कर, ते कर असं म्हटलं की ते जास्तच रडतं. त्याच्याशी दगड-कागद-कात्री खेळा. मूठ वळली तर मीडियन नस, पंजा ताठ उघडला तर रेडियल, कात्री झाली तर अल्नर. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगा, आपण 'मस्त' म्हणताना करतो तसा. हा गोल सर्वांत महत्त्वाचा. मागे सरकलेल्या सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त वेळा दुखावते ती मीडियनची पुढची आंतर-अस्थी शाखा, आणि तिला त्वचेची संवेदना नसते. हात लागलेला कळतो म्हणून नस ठीक आहे असं समजाल, तर ती सुटून जाईल. ती दुखावलेली मुलं गोल न करता अंगठा आणि बोट सरळ ठेवून चिमटा काढतात.

कोपराच्या पुढच्या बाजूला कातडी आत ओढल्यासारखी खळी पडली आहे का, तिथे काळंनिळं झालंय का, हेही बघा. हाडाचं टोक स्नायूतून आरपार गेल्याची ती खूण असते. मनगटही चाचपा. त्याच हाताचं मनगटाजवळचं हाड मोडलेलं असेल तर पुढे सांगितलेल्या सुजेचा धोका वाढतो.

हे सगळं वेळेसकट केसपेपरवर लिहा. उदाहरणार्थ: "सायं. ७.४०. नाडी लागते. बोटं गुलाबी, गरम. गोल होत नाही. अंगठा वर होतो. बोटं फाकतात." दोन ओळी पुरतात. या दोन ओळी नसतील तर ऑपरेशननंतर नस बंद आढळली की ती पडताना दुखावली की हाड धरून ठेवणारी तार घालताना, हे कुणालाच सांगता येत नाही. पडताना दुखावलेल्या नसा बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप परत येतात, हेही आईबापांना तेव्हाच सांगून टाका.

हात पांढरा, थंड, नाडी नाही: एक्स-रेसाठी थांबू नका. बांधलेलं सगळं सोडा. कोपर ज्या स्थितीत आहे तिथून हलकेच, जबरदस्ती न करता, जवळजवळ सरळ पण थोडं वाकलेलं (साधारण ३० अंश) आणा, हात लांबीच्या दिशेने हळू धरा आणि नाडी परत बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच रंग परततो. परतला तर तिथेच आधार द्या आणि लगेच पाठवा. नाही परतला तरी लगेचच पाठवा. रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतात आणि त्यातले काही तास गाव ते दवाखाना यातच गेलेले असतात.

नाडी लागत नाही पण हात गुलाबी आणि गरम आहे, असंही होतं. त्यालाही रात्री वॉर्डात ठेवून घेऊ नका. हाड जागेवर बसवल्यावर नाडी बहुधा परत येते, पण ती बसवणारा माणूस आणि टेबल दोन्ही जवळ हवेत.

२. दुखणं कमी करा

हे कितीदा तरी राहून जातं. मूल रडतंय म्हणजे तपासता येत नाही, असं म्हणत आपण तासभर घालवतो. आधी वजन करा. पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम द्या. सिरपच्या बाटलीवर ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते वाचून हिशेब करा, कारण वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या एकाच कपाटात असतात.

शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, ते विचारून लिहा. भुलीसाठी जेवणानंतर सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास धरतात. पुढे पाठवायचं ठरलं की पोराला वाटेत बिस्कीट, चहा देऊ नका असं आजीला स्पष्ट सांगा. आजी देतेच. तिला कारण सांगितलं तर देत नाही.

जखम असेल, हाड बाहेर डोकावत असेल, तर सलाईनने धुवा, निर्जंतुक ओल्या गॉजने झाका, अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच द्या.

३. आधी आधार, मग एक्स-रे

हात तसाच लोंबता ठेवून मुलाला एक्स-रे रूममध्ये पाठवू नका. कार्डबोर्डची पट्टी, पुठ्ठा, काहीही चालेल. कापसाची गादी करून, कोपर थोडं वाकलेलं ठेवून सैल बांधा. तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा की बाजूची फिल्म घेताना कोपर ओढून नव्वद अंशांत आणायचं नाही. फिल्म थोडी तिरकी आली तरी चालेल. वाकलेल्या, सुजलेल्या कोपराला जबरदस्तीने आणखी वाकवणं, हा या आजारात सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. पुढची रक्तवाहिनी तिथेच चिमटते.

पुष्कळ ठिकाणी रात्री एक्स-रे नसतो. म्हणून काही अडत नाही. वाकडेपणा डोळ्यांना दिसतोय, सूज आहे, तर तुमचा निर्णय तपासणीवरच होतो.

४. फिल्म वाचताना

मुलांच्या कोपरात बहुतेक भाग कूर्चेचा असतो, तो फिल्मवर दिसत नाही. हाडाचे ठिपके एकेक करून उगवतात. कॅपिटेलम (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोल भाग) साधारण पहिल्या वर्षी, मग रेडियसचं (कोपर ते मनगटामधल्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं तिसऱ्या, आतला एपिकॉन्डाइल (कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा) पाचव्या, ट्रॉक्लिया (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आतला, कप्पीसारखा भाग) सातव्या, ओलेक्रॅनॉन (कोपराचं मागचं टोक) नवव्या आणि बाहेरचा एपिकॉन्डाइल अकराव्या वर्षाच्या आसपास. हा क्रम पाठच करा, कारण त्यातून एक मोठी गोष्ट कळते. ट्रॉक्लियाचा ठिपका दिसतोय पण आतला एपिकॉन्डाइल जागेवर नाही, तर तो तुटून सांध्यात अडकलेला असू शकतो. ट्रॉक्लिया वाटतंय ते खरं तर तेच असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं कोपर निखळून परत बसवलं गेलं असेल तर हे मुद्दाम शोधा. शंका आली की चांगल्या हाताचीही फिल्म घ्या.

मग बाजूच्या फिल्मवर दोन रेषा काढा, खऱ्याखुऱ्या, पट्टी ठेवून.

पहिली: दंडाच्या हाडाच्या पुढच्या कडेने सरळ खाली. ती कॅपिटेलमच्या मधल्या भागातून जायला हवी. अगदी लहान मुलांत ती थोडी पुढून जाते, तेवढं चालतं. कॅपिटेलम पूर्ण रेषेच्या मागे राहिलं तर हाड मागे सरकलं आहे.

दुसरी: रेडियसच्या मानेतून, मधोमध. ती कोणत्याही फिल्मवर कॅपिटेलमलाच भेटते. भेटत नसेल तर रेडियसचं डोकं निखळलं आहे. पुढच्या हाताचं (कोपर ते मनगट) करंगळीकडचं हाड, म्हणजे अल्ना, मोडलंय म्हणून प्लास्टर घातलेली मुलं महिन्यांनी आमच्याकडे येतात आणि डोकं बाहेरच असतं. मोंटेज्जियाने १८१४ मध्ये लिहिलेला हा प्रकार आजही सुटतो, कारण फिल्म कोपराआधीच कापलेली असते. पुढच्या हाताची फिल्म मनगट आणि कोपर दोन्ही दिसतील अशीच मागा.

फ्रॅक्चरची रेषा दिसत नसेल तर दंडाच्या हाडामागे काळी सावली उचललेली दिसते का बघा. ती मागची चरबीची गादी. मागची गादी दिसणं कधीच सामान्य नसतं. सांध्यात रक्त आहे, म्हणजे बहुधा कुठेतरी मोडलं आहे. अशा मुलाला मोडलेलं समजूनच स्लॅब (एकाच बाजूने घातलेलं अर्धं प्लास्टर) घाला.

सुप्राकॉन्डायलरचे प्रकार गार्टलंडने १९५९ मध्ये मांडले ते अजून वापरात आहेत. पहिला, न सरकलेलं. दुसरा, मागे कललेलं पण मागची कड जोडलेली. तिसरा, पूर्ण सुटलेलं.

बाहेरच्या कॉन्डाइलचं (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाचं) फ्रॅक्चर वेगळं लक्षात ठेवा. संख्येने दुसरं, पण फसवण्यात पहिलं. सूज फक्त बाहेरच्या बाजूला, नाडी-नसा ठीक, फिल्मवर हाडाची एक पातळ चकती. बघून वाटतं, स्लॅब घालू आणि सोडू. पण हे सांध्यात जातं आणि सांध्याचं पाणी त्याला जुळू देत नाही. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेलं असेल तर ऑपरेशन लागतं. कमी असेल तरी दर आठवड्याला फिल्म हवी, कारण ते प्लास्टरमध्येही सरकतं. सुटलं तर कोपर बाहेर वाकत जातं आणि पुष्कळ वर्षांनी अल्नर नस ताणून बोटं कमजोर होतात. माझ्याकडे अशी मोठी माणसं येतात. लहानपणी पडलो होतो, कुणीतरी पट्टी बांधली, एवढंच त्यांना आठवतं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं कोपर 'निखळलेलं' दिसलं तर ते बहुधा निखळलेलं नसतं, कूर्चेतून मोडलेलं असतं. चालता न येणाऱ्या बाळाला इतका मार लागला कसा, हे शांतपणे, एकट्या आईशी बोलून विचारा.

आणि एक ते चार वर्षांचं मूल, कुणी हाताला धरून उचललं किंवा ओढलं, तेव्हापासून हात वापरत नाही, सूज नाही: तो ओढलेला कोपर. तिथे फिल्मची गरज नसते. तळहात खाली जाईल असं मनगट आत वळवलं की टक् होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल हात वापरायला लागतं. सूज असेल किंवा पडल्याचा इतिहास असेल तर मात्र हे करू नका.

५. काय इथे ठेवायचं, काय पाठवायचं

इथेच होण्यासारखं: न सरकलेलं सुप्राकॉन्डायलर. स्लॅब, स्लिंग, तीन आठवडे. आठवड्याने एक फिल्म.

पाठवायचं: दुसरा आणि तिसरा प्रकार, सरकलेला बाहेरचा कॉन्डाइल, निखळलेलं रेडियसचं डोकं, सांध्यात अडकलेला तुकडा, उघडी जखम आणि नस किंवा नाडीची कोणतीही शंका.

दुसऱ्या प्रकारात मोह होतो की खेचून, कोपर पुरतं वाकवून बांधून टाकू. जुन्या काळी असं करत. पण हाड जागेवर राहावं म्हणून कोपर नव्वदच्या पुढे वाकवावं लागतं आणि सुजलेल्या हाताला तेच सोसत नाही. सी-आर्मखाली बसवून बाहेरून बारीक तारा घातल्या की कोपर सैल ठेवता येतं. तारा याचसाठी आहेत.

तिसऱ्या प्रकाराला रात्री दोन वाजता पळवायलाच हवं असं नाही. नाडी लागते, बोटं गुलाबी, नसा चालतात, कातडीला खळी नाही, सूज बेताची, तर नीट आधार देऊन पहाटे पाठवणं सुरक्षित आहे. पण रात्रभर दर तासाला कुणीतरी बोटं बघणार असेल तरच. वॉर्डात एकच सिस्टर आणि प्रसूती चालू असेल, तर रात्रीच पाठवा.

पडून दहा-बारा दिवस झालेलं मूल आलं तर बसवायच्या फंदात पडू नका. नवं हाड धरायला लागलेलं असतं. जोर लावला तर कोपर ताठरतं. बाहेरचा कॉन्डाइल मात्र उशिरा आला तरी पाठवाच.

६. स्लॅब घालण्याची पद्धत

माप चांगल्या हातावर घ्या: काखेखालून बोटांच्या मुळापर्यंत, मागच्या बाजूने. आठ ते दहा थर पुरतात. पाणी साधं, कोमट नको, कारण प्लास्टर वाळताना स्वतःच तापतं. सॉफ्टरोल कोपराच्या हाडावर जास्त. स्लॅब मागून, त्यावर बँडेज सैल.

न सरकलेल्या फ्रॅक्चरला सूज कमी असेल तर कोपर नव्वदच्या जरा आत. पाठवायच्या मुलाला जसं सुखाने राहील तसं, तीस अंशांच्या आसपास.

पूर्ण गोल प्लास्टर पहिल्या दिवशी कधीही नाही. नाडीची जागा उघडी ठेवा आणि मार्करने तिथे फुली मारा, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला शोधावी लागत नाही. बोटांची टोकं पाचही दिसली पाहिजेत. स्लॅब घातल्यावर दगड-कागद-कात्री परत एकदा, आणि ते परत लिहा.

७. सुजेवर नजर

पुढच्या हातातली सूज स्नायूंचा गळा आवळते तेव्हा नाडी बऱ्याचदा शेवटपर्यंत लागते. म्हणून नाडी जायची वाट बघायची नसते. मूल घाबरलेलं, अस्वस्थ, कशानेही शांत होत नाही, औषध देऊनही तासातासाला जास्त मागतंय, आणि बोटं तुम्ही सरळ केली की किंचाळतंय: हे पुरेसं आहे. अशा वेळी मुलाला 'हट्टी आहे' म्हणणारं कुणीतरी वॉर्डात असतंच.

बँडेज आणि सॉफ्टरोल दोन्ही कातडी दिसेपर्यंत कापा. सॉफ्टरोल राहू देऊ नका, रक्ताने वाळलेला तोच आवळतो. कोपर थोडं सरळ करा, हात छातीच्या पातळीला ठेवा, आणि पाठवा. वेळ गेला तर स्नायू मरून आखडतात, बोटं नख्यांसारखी वळतात. फोल्कमनने हे १८८१ मध्ये सांगितलं. ते परत सरळ करणारं ऑपरेशन पूर्ण कधीच साधत नाही.

८. हाडवैद्याकडून आलेलं मूल

गावात हाडवैद्य जवळ असतो, ओळखीचा असतो, रात्रीही उठतो. लोक तिकडे जाणारच. बांबूच्या कामट्या घट्ट बांधून, वर लेप लावून मूल तुमच्याकडे आलं तर आधी ते कापून काढा, बोटं बघा. आजीला रागावू नका. रागावलात तर ती पुढच्या तारखेला मुलाला आणणार नाही आणि नुकसान मुलाचं होईल. तिला बोटांचा रंग दाखवा, "आजी, ही बोटं अशी दिसली की लगेच सोडायचं," एवढं शिकवा. हाडवैद्याला भेटा, त्यालाही हेच सांगा. ऐकतात.

तेल लावून चोळणं मात्र ठामपणे बंद करायला सांगा. कोपर चोळल्याने, जोराने सरळ केल्याने स्नायूतच हाड तयार होतं आणि सांधा कायमचा अडकतो.

९. पाठवताना कागद

१०८ ला फोन करण्याआधी पुढच्या डॉक्टरांशी स्वतः बोला. भूल आहे का, सी-आर्म चालू आहे का, मुलाला घेणार का, हे तिन्ही विचारा. तीन रुग्णालयं फिरून आलेली मुलं मी घेतली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दोन तास गेलेले असतात.

मुलासोबत द्या:

- रेफर चिठ्ठी: पडल्याची वेळ, शेवटचं खाल्ल्याची वेळ, वजन, दिलेली औषधं, नाडी-नसांच्या नोंदी वेळेसकट
- मूळ फिल्म (मोबाइलवर फोटो पाठवायचा तर मुलाचं नाव झाकून, डावा-उजवा खूण दिसेल असा)
- रेशनकार्ड आणि आधार. मुलाचं आधार नसेल तर जन्मदाखला
- वाहन अपघात किंवा मारहाण असेल तर एमएलसीची (पोलिसांसाठीच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची) प्रत

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या खाजगी रुग्णालयात जात असतील तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी भेटायला सांगा. पैशाच्या भीतीने लोक वाटेतून परत घरी जातात, म्हणून हे तोंडी सांगणं चिठ्ठीइतकंच गरजेचं आहे.

१०. तीन आठवड्यांनी हे मूल कुठे असेल?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. बीड, धाराशिवच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मूल तार घातलेल्या हाताने कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकात फडावरच्या कोपीत पोचतं. तारेची टोकं कातडीबाहेर असतात. ती तीन ते चार आठवड्यांत काढायची असतात. त्या चिखलात, राखेत राहिली तर पू होतो.

टोळी कुठल्या कारखान्याकडे जाणार आहे ते लिहून घ्या. मुकादमाचा नंबर घ्या, गावातल्या आशाताईंना सांगा. तार काढायला भूल लागत नाही, ओपीडीत होतं, त्या भागातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात होतं. म्हणून डिस्चार्ज कार्डवर मोठ्या मराठी अक्षरात लिहा: "हातात दोन तारा आहेत. अमुक तारखेला काढायच्या." कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. त्यावर तारांची संख्या हवीच, नाहीतर एक काढली जाते आणि एक आत राहते.

तारा निघाल्यावर कोपर ताठ असतं. आईबाप घाबरतात. मुलाला खेळू द्या, स्वतःच्या हाताने जेवू द्या, कपडे घालू द्या. हालचाल काही आठवड्यांत ते महिन्यांत आपणहून परत येते, वाळूची पिशवी बांधायची नाही, चोळायचं नाही. कोपर आत वाकलेलं दिसू लागलं तर ते वाढीसोबत सुधारेल अशी आशा दाखवू नका. दंडाच्या हाडाची खालच्या टोकाकडून वाढ जेमतेम वीस टक्के असते आणि तो वाकडेपणा तसाच राहतो. हात कामाला चांगला असतो, त्यामुळे घाई नाही. हालचाल पूर्ण परतल्यावर आणि हाड पक्कं झाल्यावर ऑपरेशनने सरळ करता येतं, आणि त्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे साधारण वर्षभराने पाठवा.